गॅस सेन्सर चालू केल्यावर गरम का होतो? बिघडला आहे का?

नाही, तो गरम व्हायलाच हवा. एमक्यू-२ सारख्या सेन्सरच्या जाळीखाली टिन ऑक्साइडचा थर असतो आणि आतला हीटर त्याला साधारण 200 ते 400 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो. खरी गंमत त्या थराच्या पृष्ठभागावर घडते. हवेतला ऑक्सिजन कणांना चिकटतो आणि त्यांच्यातले इलेक्ट्रॉन ओढून घेतो, त्यामुळे थराचा रोध (विजेला होणारा अडथळा) वाढतो. एलपीजी, हायड्रोजन किंवा कार्बन मोनॉक्साइड आला की तो या ऑक्सिजनशी अभिक्रिया करतो, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध झपकन उतरतो. सर्किट मोजतं ते एवढंच. थर थंड असेल तर ही अभिक्रिया फार मंद होते.

झिंक ऑक्साइडवर हेच तत्त्व जपानमध्ये संशोधक सेइयामा यांनी 1962 मध्ये दाखवलं होतं.

एक मात्र नीट लक्षात ठेवा: हा सेन्सर नेमका कोणता गॅस आहे ते ओळखत नाही. सॅनिटायझरच्या वाफेनेही आकडा उसळतो. आर्द्रतेनेही फरक पडतो. नवा सेन्सर निदान 24 तास तापवल्याशिवाय त्याच्या आकड्यांवर विसंबू नका. आणि सिलिकॉन सीलंट जवळ वापरू नका, त्याच्या वाफेने थर कायमचा निकामी होऊ शकतो.