घरातली शुश्रूषा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सासूबाईंना अर्धांगवायू होऊन दोन महिने झाले. उजवी बाजू लुळी आहे. एअर बेड आणला, रोज खोबरेल तेलाने पाठ चोळतो, पावडर लावतो, तरी माकडहाडावर लाल चट्टा उठलाच. आमचं कुठे चुकतंय? आणि त्यांना सारखं वर ओढून माझी कंबर गेली आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : चट्ट्यावर तेल चोळणं आधी बंद करा. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबून राहिली की तिथला रक्तपुरवठा तुटतो. अशा जागी चोळलं तर आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना आणखी इजा होते. पावडरही नको, घामात भिजून तिच्या गुठळ्या होतात आणि त्याच टोचत राहतात. कोमट पाण्याने पुसून मऊ कापडाने टिपून घ्या, एवढं पुरे.

आता चट्ट्यावर बोट दाबून उचला. जागा क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर तिथे रक्त फिरतंय; दाब हटवला की ती सावरेल. दाबूनही लालच राहिली तर बेडसोरची (पडून राहिल्याने, दाबाने होणाऱ्या जखमेची) पहिली पायरी सुरू झाली असं समजा. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तेव्हा हात लावून बघा : ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागते, रंगही गडद दिसतो.

एअर बेड घेतला की कूस बदलायला नको, हा समज काही दुकानदारच करून देतात. तो खोटा आहे. एअर बेडवरही साधारण दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. शिवाय बेड नीट काम करतोय का, ते तपासा. पंप चालू असताना त्या झोपलेल्या असतील तेव्हा कमरेच्या खाली, एअर बेड आणि खालची गादी यांच्यामध्ये, तळहात वर करून हात सरकवा. तळहात आणि शरीर यांच्यात इंचभर हवेचा थर जाणवला पाहिजे. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे. पंपावरचं बटण वजनाप्रमाणे लावायचं असतं. बऱ्याच घरी ते दुकानातून आलं तसंच राहतं. वर एकच पातळ चादर हवी. एअर बेडवर गोधडी, तिच्यावर रबरी शीट, तिच्यावर दुपटं असे थर चढवले की हवेच्या फुग्यांचा उपयोग संपतो. पंपाला वीज अगदी कमी लागते, त्यामुळे तो इन्व्हर्टरवर जोडा, नाहीतर लोडशेडिंगमध्ये त्या थेट पलंगावर टेकतील.

वळवताना पूर्ण कुशीवर झोपवू नका, कारण मग सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कललेलं ठेवा. गुडघ्यांमध्ये एक उशी. पोटऱ्यांखाली एक, टाचा अधांतरी राहतील अशी. मध्ये भोक असलेली रबरी रिंग वापरू नका. तिच्या कडेने गोल दाब पडून मधलं रक्त अडतं.

चट्टा उठायचं आणखी एक कारण डोक्याकडची बाजू फार वर ठेवणं हे असतं. ३० अंशांच्या वर पाठ उचलली की माणूस हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते, आतलं हाड मात्र सरकतं आणि मधला भाग ताणला जातो. जेवताना सरळ बसवायलाच हवं, जेवणानंतर अर्धा तासही तसंच ठेवा, पण मग पाठ खाली घ्या. बसवताना आधी गुडघ्यांखाली उशी सरकवली तर घसरणं कमी होतं.

तुमच्या कंबरेचं दुखणंही इथलंच आहे. काखेत हात घालून ओढू नका. लुळ्या बाजूचा खांदा अशाने निखळू शकतो. जुनी सुती साडी चौपदरी करून खांद्यापासून मांड्यांपर्यंत कायम अंथरून ठेवा. दोघींनी दोन बाजूंना उभं राहायचं, साडीच्या कडा शरीराजवळ गुंडाळून मुठीत धरायच्या, गुडघे वाकवायचे आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणत एकदम वर सरकवायचं. पलंग खुजा असेल तर पायांखाली पक्के लाकडी ठोकळे घाला. काम करताना गादी तुमच्या कमरेच्या उंचीला आली पाहिजे. एकटीने वर सरकवण्याचा हट्ट नको. शेजारणीची दिवसाची ठरलेली वेळ मागून घ्या.

कातडी फुटली, काळी पडली, वास आला किंवा ताप चढला तर त्याच दिवशी डॉक्टर. जखमेत हळद, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड काहीही घालू नका. जखम भरायला प्रथिनं लागतात, तेव्हा नुसत्या पेजेवर ठेवू नका. घट्ट वरण, दही, पनीर, चालत असेल तर अंडं द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

प्रश्न : वडील (७८) रात्री बाथरूमला जाताना दोनदा पडले. कमोडजवळ हँडल बसवायचं आहे. सक्शनचं चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सक्शनचं नको. टाइलला जरा ओल किंवा साबण लागला की ते निसटतं, आणि तेही नेमकं भार टाकल्यावर. टाइलमागच्या भिंतीपर्यंत ड्रिल करून स्टेनलेस स्टीलचा बार बसवा. आधी टाइल ठोकून बघा. पोकळ वाजली तर जागा बदला. उंचीसाठी टेप नंतर, आधी वडिलांना कमोडवर बसवा. कोपर किंचित वाकून हात सहज पोहोचेल तिथे खूण करा. बार आणि भिंत यांच्यात ४ सेंमीच्या आसपास अंतर ठेवा; फार जास्त ठेवलं तर हात मध्ये अडकतो.

पण दोन्ही वेळा रात्रीच पडले, त्याचं कारण शोधा. झोपलेलं असताना बीपी मोजा, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्यांनी असं होऊ शकतं; लघवी वाढवणारी गोळी उशिरा घेतली तर रात्री उठणंही वाढतं. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका. तोवर पलंगाशी युरिन पॉट ठेवा, उठण्याआधी मिनिटभर पाय खाली सोडून बसायला सांगा, पायपुसणं उचला. बाथरूमची आतली कडी काढून टाका. दार आत उघडणारं असेल तर सुताराकडून बाहेर उघडणारं करून घ्या, कारण पडलेल्या माणसाचं अंगच दार अडवतं.

प्रश्न : आईचे बोटांचे ठसे पुसट झालेत, हयातीचा दाखला ऑनलाइन होत नाही.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : चेहऱ्यावरून होतो. अँड्रॉइड फोनवर ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन अ‍ॅप घ्या. आधी फोन चालवणाऱ्याची नोंदणी होते, मग आईची. पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) क्रमांक आणि पेन्शनचं खातं जवळ ठेवा. उजेड चेहऱ्यावर पडू द्या, पाठीमागे खिडकी नको. केंद्राच्या ८० वर्षांवरील पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून, इतरांना नोव्हेंबरमध्ये दाखला देता येतो. ईपीएस-९५ चा (म्हणजे पीएफ कार्यालयाकडून मिळणाऱ्या पेन्शनचा) दाखला वर्षात कधीही चालतो आणि दिल्यापासून वर्षभर धरला जातो.

प्रश्न : आईला स्मृतिभ्रंश सुरू झालाय. सही जुळत नाही, चेक परत येतात. मुखत्यारपत्र करून घेऊ का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मुखत्यारपत्र अर्ध्या वाटेवर सोडतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की ते संपतं, म्हणजे ज्या दिवशी खरी गरज पडते त्याच दिवशी.

आईला व्यवहार अजून समजत असेल, तर आत्ताच खातं संयुक्त करा आणि ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात व्यक्ती’ अशी सूचना लिहून द्या. मुदत ठेवींवर ती वेगळी द्यावी लागते. नॉमिनीला आईच्या हयातीत पैसे काढता येत नाहीत, हे विसरू नका. नुसता हात थरथरत असेल तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार अंगठ्याचा ठसा चालतो. त्याला बँकेला माहीत असलेले दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, पैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी. ७० वर्षांवरील ग्राहकांना घरपोच बँकिंग देण्याबद्दलही रिझर्व्ह बँकेची सूचना आहे, तिचा हवाला देऊन शाखेत लेखी अर्ज द्या.

मात्र ठशाची ही सोय शरीर थकलेल्यांसाठी आहे. समजच गेली असेल तर पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि त्यात वकील, वैद्यकीय अहवाल, बराच काळ असं सगळं लागतं. म्हणून संयुक्त खात्याचा फॉर्म या आठवड्यात भरा, आणि सोबत डॉक्टरांकडून आईला व्यवहार समजतो असं तारखेसह लिहून घ्या. पुढे भावंडांपैकी कोणी शंका काढली तर तो कागद कामी येईल.