वरच्या पापणीला सारखी रांजणवाडी येते, आता गाठ राहिली आहे. कापून काढावीच लागते का?

तुम्ही लिहिलंय की वर्षात ही तिसरी वेळ, आधीच्या दोन आपोआप बसल्या, ही दुखायची थांबली पण महिना झाला तरी कडक गाठ आहे, आई म्हणते लवंग उगाळून लाव आणि ऑफिसमधली मैत्रीण म्हणते कापूनच टाक. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, डोळ्यांच्या ओपीडीत असे पेशंट रोज बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

लगेच कापायची गरज बहुतेक वेळा नसते. आणि लवंग कृपा करून लावू नका, पापणीची कातडी अख्ख्या शरीरात सगळ्यात पातळ, १ मिलिमीटरपेक्षाही कमी, तिथे लवंगेने भाजल्यासारखं होतं आणि तेच डोळ्यात गेलं तर बुबुळाला त्रास.

दुखते ती रांजणवाडी म्हणजे पापणीच्या केसाच्या मुळाशी किंवा आतल्या ग्रंथीत झालेलं इन्फेक्शन. तुमची आत्ताची न दुखणारी गाठ वर्णनावरून चॅलेझियन वाटते, त्यात बहुतेकदा पू नसतो, तेल अडकून सूज धरलेली असते. पापणीत टार्सल प्लेट नावाची चिवट पट्टी असते आणि तिच्यात मायबोमियन ग्रंथी उभ्या शेजारीशेजारी असतात, वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत थोड्या कमी. त्यांची तोंडं पापणीच्या काठावर, केसांच्या लगेच आतल्या बाजूला उघडतात, त्यातून येणारं तेल अश्रूंच्या वर पसरतं म्हणून अश्रू पटकन सुकत नाहीत. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, पापणीचा काठ हलकासा दाबला की निरोगी माणसात पातळ पारदर्शक तेलाचे थेंब येतात, आणि सारखी गाठ येणाऱ्यांमध्ये बऱ्याचदा टूथपेस्टसारखं घट्ट पांढरं काहीतरी बाहेर येतं, कधी तर काहीच येत नाही. काठावर केसांच्या मुळाशी कोंडाही असतो, काठाच्या अशा सुजेला ब्लेफरायटिस म्हणतात. हे सुधारत नाही तोवर एक गाठ काढली तरी शेजारची ग्रंथी तुंबते, मला वाटतं तुमचं तेच चाललंय.

त्यात तुमचं दिवसभर स्क्रीनवर काम. एरवी आपण मिनिटाला १५-२० वेळा पापणी मिटतो, स्क्रीनसमोर ते निम्म्यावर येतं आणि मिटली तरी अर्धवटच, आणि पापणी पूर्ण मिटते तेव्हाच ग्रंथी दाबून तेल बाहेर येतं ना.

तर आता शेक. बहुतेक जण रुमाल गरम पाण्यात बुडवून एकदा ठेवतात आणि झालं म्हणतात, पण तो मिनिट-दोन मिनिटांत गार होतो. परत परत बुडवून, पिळून, निदान ५ ते १० मिनिटं ऊब टिकली पाहिजे, दिवसातून ३-४ वेळा, आधी मनगटावर लावून बघा, चटका बसता कामा नये. मग लगेच बोटाने हलका मसाज, वरच्या पापणीला वरून खाली केसांच्या दिशेने, आणि पापणीचा काठ लिड वाइपने (पापणी पुसायच्या तयार ओल्या कापडाने) पुसायचा. काठाच्या आतल्या बाजूला काजळ-लायनर सध्या बंद, ते थेट ग्रंथींच्या तोंडावरच बसतं. गाठ पिळायची नाही. हे नेमाने काही आठवडे करा, बऱ्याच गाठी यानेच विरघळतात.

नाहीच गेली तर कापायलाही घाबरू नका. भूल देऊन पापणी उलटी करतात आणि आतून उभा छेद घेतात, उभा अशासाठी की शेजारच्या ग्रंथी कापल्या जाऊ नयेत, छेद आतून असल्यामुळे बाहेर व्रण दिसत नाही आणि त्याच दिवशी घरी. वारंवार होतंय म्हणून शुगर आणि चष्म्याचा नंबरही तपासून घ्या.

वडिलांनाही एकाच जागी दोनदा गाठ आली असं ओझरतं लिहिलंय, मला काळजी त्यांची जास्त वाटली. पन्नाशीनंतर त्याच जागी परत गाठ आली किंवा तिथले केस गळाले तर काढलेला तुकडा बायोप्सीला पाठवायलाच हवा, कारण तेलग्रंथींचा कॅन्सर हुबेहूब चॅलेझियनसारखा दिसू शकतो आणि आपल्याकडे तो पाश्चात्य देशांपेक्षा जास्त आढळतो. त्यांना या आठवड्यातच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, आधीची गाठ काढली असेल तर तिचे कागद सोबत ठेवा.