सातव्या मजल्यावरचे शेजारी

प्रश्न : आमच्या कांदिवलीच्या सोसायटीत सातव्या मजल्यावर एक नायजेरियन कुटुंब भाड्याने राहायला आलंय. ते लिफ्टमध्ये असले की सासूबाई नातवाचा हात ओढून बाहेरच थांबतात, तो जेवला नाही की "त्या काळ्या काकाला बोलावू का" म्हणतात. परवा माझा पाच वर्षांचा मुलगा त्यांच्या मुलीला खाली खेळताना "तू घाण आहेस" म्हणाला. मिस्टर म्हणतात आईचं वय झालंय, सोडून दे. काय करू?
– एक वाचक, कांदिवली

उत्तर : ताई, सोडून अजिबात देऊ नका. पोराला हे कुणी समोर बसवून शिकवलेलं नाही, हात ओढला गेला तेव्हाच त्याला कळलं की इथे घाबरायचं असतं, आणि आईबाबा गप्प राहिले म्हणजे आजीचं बरोबरच असणार. अमेरिकेत १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या जोडप्याने ३ ते ७ वर्षांच्या काळ्या मुलांसमोर गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या, तर बहुतेकांनी चांगली म्हणून गोरी उचलली. म्हणजे ज्याला नावं ठेवतात त्या पोरालासुद्धा एवढ्या लहान वयात ते पटलेलं असतं! आणि आपल्याकडे बाळ जन्मलं की पहिला प्रश्न काय, रंग कुणावर गेलाय? मग नायजेरियन शेजारी यायच्या आधीच काळं म्हणजे वाईट हे घरात ठरलेलं असतं हो.

सासूबाईंशी मिस्टरांनीच बोलायला हवं, सुनेने तोंड उघडलं की विषय भलतीकडे जातो. भांडण नको, पण बागुलबुवा म्हणून शेजाऱ्याचं नाव घेतलं की तिथल्या तिथे, मुलाच्या देखत, "आई, असं नको, ते काका चांगले आहेत" एवढं म्हणायचं. नंतर खोलीत नेऊन सांगितलेलं मुलाला दिसतच नाही. शिवाजी महाराजांच्या गोष्टी आजी सांगत असतीलच, त्यात मलिक अंबरची पण येऊ दे. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस, पुढे अख्खी निजामशाही चालवली त्याने, आताचं संभाजीनगर म्हणजे त्यानेच वसवलेलं खडकी, आणि १६२४ ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. हे आजींनाच सांगायला लावा, त्यांच्या तोंडून आलेलं नातू जास्त ऐकेल.

पण त्या मुलीचं आधी बघा. आज संध्याकाळीच मुलाला घेऊन सातव्या मजल्यावर जा, तिच्या आईबाबांसमोर तुम्ही स्वतः सॉरी म्हणा, त्यालाही म्हणू द्या, आणि तिला खेळायला घरी बोलवा, आजी घरात असतानाच.