थेंबांच्या बाटलीचं काय करायचं?

प्रश्न : माझं वय ४१. इचलकरंजीत घरीच ब्लाउज शिवते. गेलं दीड वर्ष नाकाचं पाणी थांबत नाही. सकाळी उठले की दहा-पंधरा शिंका, नाक-डोळे खाजतात, मग दहा वाजेपर्यंत नळ चालू. परवा तर गिऱ्हाइकाच्या ब्लाउजपिसावर टपकन थेंब पडला, मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेडिकलवाल्याने नाकात टाकायचे थेंब दिले. पहिल्यांदा जादू वाटली. आता चार महिने झाले, रात्री दोनदा उठून टाकावे लागतात, नाहीतर नाक गच्च बंद. सासूबाई म्हणतात दही-केळी सोड. नणंद म्हणते हाड वाढलंय, ऑपरेशन लागेल. शेजारणीच्या मते सायनस. मी कुणाचं ऐकू?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, तुम्हाला एक नाही, दोन आजार आहेत. पहिला बहुधा तुमच्या अंथरुणातून आला, दुसरा त्या बाटलीतून. आधी बाटलीचं बोलू, कारण त्या विषयात मी स्वतः पोळलेली आहे.

एम.एस.च्या दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या ॲप्रनच्या खिशात कायम तीच बाटली असायची. नाक-कान-घशाची डॉक्टर व्हायला निघालेली मुलगी दर चार तासांनी जिन्याच्या कोपऱ्यात मान वर करून थेंब टाकत होती! एकदा राउंडला आमच्या सरांनी नुसता हात पुढे केला. मी केसपेपर दिला. ते म्हणाले, “ते नको, खिशातलं दे.” आणि सगळ्यांसमोर बाटली कचऱ्याच्या डब्यात. पुढचे सहा दिवस मी तोंडाने श्वास घेत ड्युटी केली.

बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असं काहीतरी असेल. नाकाच्या आत बाजूच्या भिंतींवर मांसल घड्या असतात, त्यांतल्या रक्तवाहिन्या हे औषध आवळून टाकतं. घड्या आकसतात, नाक मोकळं होतं. पण असर ओसरला की त्या पहिल्यापेक्षा जास्त फुगतात. तुम्ही पुन्हा थेंब टाकता, त्या पुन्हा फुगतात. म्हणून हे थेंब चार-पाच दिवसांच्या वर वापरायचे नसतात. हे मेडिकलवाल्याने सांगायला हवं होतं. सांगत नाहीत.

सोडायची रीत अशी. एका नाकपुडीचे थेंब आजपासून बंद, दुसरीत हवे तर आठवडाभर चालू ठेवा. बंद केलेली नाकपुडी तीन-चार रात्री छळेल, पण श्वासाला दुसरी आहे. ती सुधारली की दुसरीचे बंद करा. याच्या जोडीला खाली लिहिलेला स्प्रे सुरू असेल तर पुष्कळ सोपं जातं.

आता मूळ दुखणं. सकाळच्या शिंका, खाज, पाण्यासारखी पातळ धार हे चित्र ॲलर्जीचं आहे. सायनसच्या जुन्या दुखण्यात शेंबूड घट्ट, पिवळट असतो, नाक चोंदतं, चेहरा जड होतो, वास येईनासा होतो. त्यातलं रात्रीचं चोंदणं सोडून तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, आणि ते चोंदणं थेंबांचं आहे.

ॲलर्जी कशाची, हे तपासणीनेच नक्की होईल; पण सकाळी उठल्या उठल्या शिंका म्हटल्यावर माझा पहिला संशय गादी-उशीवर असतो. त्यात डोळ्यांना न दिसणारे, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान किडे राहतात. आपल्या अंगाचा झडलेला कोंडा खातात. चावत नाहीत, पण त्यांची विष्ठा धुळीबरोबर नाकात जाते आणि नाक चवताळतं. दमट हवेत ते फोफावतात.

आणि ताई, तुम्ही शिवणकाम करता. म्हणजे मशीनखाली चिंध्यांचं एक बोचकं असणारच, ‘पुढच्या वाकळेला होईल’ म्हणून ठेवलेलं. माझ्या आईचंही होतं. पांघरायलाही जुन्या लुगड्यांची जाड वाकळ असेल, जी वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी धुतली जाते. वाकळ मायेची असते हे मान्य, पण तुमच्या नाकाला ती परवडणारी नाही. अंगावर साधी सुती चादर किंवा पातळ, धुता येईल असं पांघरूण घ्या. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्याला कढत पाण्यातून काढा, हात घालवणार नाही इतकं कढत, म्हणजे ६० अंशांच्या आसपास. गादी कडक उन्हात टाका, पण झटकायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. बोचकं खोलीबाहेर काढा आणि मशीन पुसताना नाकाला रुमाल बांधा, कारण कापडाचा भुगाही नाकाला डिवचतो.

औषधांत मुख्य औषध म्हणजे स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे, मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन. स्टेरॉइड म्हटलं की माझ्यासमोरची माणसं खुर्ची मागे सरकवतात. एका फवाऱ्यात साधारण ५० मायक्रोग्रॅम औषध असतं, म्हणजे एका मिलिग्रॅमचा विसावा भाग, आणि त्यातलंही रक्तात फार थोडं उतरतं. तरी काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. खरी अडचण वेगळी आहे. थेंबांची सवय झालेल्याला दोन मिनिटांत गुण हवा असतो, आणि याला पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. चौथ्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून भरलेली बाटली परत आणणारे दर महिन्याला भेटतात. रोज मारायचा, शिंका आल्या तरच असं नाही.

मारायची पद्धतही चुकते. मान वर नको, किंचित खाली. डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, उजवीत डाव्या हाताने. टोक कानाच्या दिशेला. मधल्या पडद्यावर फवारा बसत राहिला तर रक्त येतं. नंतर जोरात ओढू नका, घशात गेलेलं औषध फुकट.

शिंकांसाठी गोळी लागली तर सेट्रिझिनने काहींना पेंग येते. तुमच्या हातात कात्री आणि पायाखाली मशीन, म्हणून ती रात्रीच घ्या, किंवा फेक्सोफेनाडिनबद्दल विचारा, तिने झोप कमी येते. स्प्रेच्या आधी मिठाच्या पाण्याने नाक धुतलंत तर उत्तमच. कपभर पाण्यात अर्धा चमचा मीठ. पाणी उकळून गार केलेलंच हवं, फिल्टरचं चालणार नाही.

नणंदबाईंचं हाड : नाकाचा मधला पडदा थोडाफार वाकडा बहुतेकांचा असतो, माझाही आहे. तो सरळ केल्याने ॲलर्जीचं पाणी थांबत नाही. दही-केळ्याबद्दल सासूबाईंशी वाद घालू नका, पण खा.

मिरज जवळच आहे, तिथे किंवा गावातच एकदा नाक आतून दाखवून घ्या. रात्री छातीत शिट्टी वाजत असेल, जिना चढताना दम लागत असेल, तर तेही सांगा. ॲलर्जीच्या नाकामागे कधी कधी दमा लपलेला असतो. आणि पाणी एकाच नाकपुडीतून येत असेल, तर मात्र थांबू नका. डोक्याला मार लागल्यावर वाकलं की एका बाजूने स्वच्छ पाणी टपकू लागलं, तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव आला, तर आत मणी नाहीतर चिंचोका सापडतो.

प्रश्न : वय ६८. ठेचा-भाकरी खाल्ली, गरम चहा घेतला की नाक गळतं. इतर वेळी काही नाही. चारचौघांत जेवायला लाज वाटते.
– एक वाचक, अकोला

उत्तर : काका, ही ॲलर्जी नाही. तिखट आणि गरम पदार्थांनी नाकाच्या ग्रंथींना जाणाऱ्या नसा चेतवल्या जातात, आणि वयाबरोबर हे वाढतं. अपाय काही नाही. ठेचा थोडा कमी करून पाहा, चहा जरा निवू द्या. फारच त्रास असेल तर पाणी आटवणारा वेगळा स्प्रे असतो, तो डॉक्टरांच्या सल्ल्याने जेवणाआधी घेता येतो. प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असेल तर आधी सांगा. लघवीसाठी किंवा रक्तदाबासाठी कोणत्या गोळ्या चालू आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. टॅमसुलोसिनसारख्या गोळीनेही नाक गळू शकतं. गोळी मनाने बंद करू नका, नाव कळवा.