सॅन डिएगोला येणाऱ्या ताईंना, कम्युनिटी कॉलेजबद्दल

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि मग झोपच लागेना, म्हणून सकाळी डबा करायच्या आधीच लिहायला बसलेय. तुम्ही लिहिलंय की मिस्टर पंधरा वर्षं नेव्हीत काढून बाहेर पडले, आता कंपनीने एच-वन म्हणजे नोकरीचा व्हिसा केलाय, तुम्ही एच-फोरवर, म्हणजे त्याच्या घरच्यांच्या व्हिसावर, कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला येणार, वय अडतीस, बी.कॉम. झालंय, मुलगी सातवीत आहे. इथल्या कम्युनिटी कॉलेजांच्या (ही दोन वर्षांची सरकारी कॉलेजं) पानांवर विद्यार्थ्यांचे आभार, व्हेटरन्सचे आभार, व्हेटरन्सना ही मदत ती मदत असं दिसतं, तर ती आपल्या नेव्हीवाल्याला नि त्याच्या घरच्यांना मिळते का, आणि या वयात तुम्ही तिथं शिकायला जावं का, आणि इथं एकटं वाटतं का.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. इथं व्हेटरन म्हणजे अमेरिकेच्या फौजेतून सुटलेला माणूस. त्याच्याकडे डीडी-२१४ नावाचा डिस्चार्जचा कागद असतो आणि त्या एका कागदावर सगळी दारं उघडतात. पोस्ट-नाइन-इलेव्हन जीआय बिल म्हणजे माजी सैनिकांच्या शिक्षणाचा कायदा, त्यात पूर्ण पात्रता असली की ३६ महिन्यांचं शिक्षण, सरकारी कॉलेजची सगळी फी, घरभाड्याला दरमहा भत्ता, पुस्तकांना वर्षाला १००० डॉलरपर्यंत. दुसऱ्या राज्यातून काल आला असला तरी फी पहिल्या दिवसापासून रहिवाशाची. कॅलिफोर्नियात तर क्लास निवडायची पाळीसुद्धा त्यांची आधी लागते, म्हणजे चांगले टायमिंग भरायच्या आत. आपल्या नेव्हीची पंधरा वर्षं यात कुठेच बसत नाहीत. हे तुम्हाला लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण मी स्वतः हे विचारलंय, माझ्या फौजी वडिलांसाठी, आणि ते इथं येणारही नव्हते.

व्हिसाचं काय ते वकील सांगेल, फीचे आकडे कॉलेज सांगेल. मी जे कोणी सांगत नाही ते सांगते.

एच-फोरवर तुम्ही शिकू शकता, त्यासाठी एफ-वन म्हणजे विद्यार्थ्याचा व्हिसा करायची गरज नाही, एक विषय घ्या नाहीतर चार घ्या. कॅलिफोर्नियात एक वर्ष नि एक दिवस राहिलात, आणि इथंच राहायचंय हे दाखवता आलं, की रहिवाशाची फी लागते, युनिटला म्हणजे एका श्रेयांकाला ४६ डॉलर. नाहीतर तेच युनिट तीनशे-चारशेच्या घरात जातं. आता हे 'दाखवता आलं' जे आहे ना, त्यात मी अडकले. आम्ही २०१८च्या जूनमध्ये आलो, पुढच्या ऑगस्टमध्ये मी फायनान्शियल अकाउंटिंग घ्यायला गेले, चार युनिटांचा विषय. खिडकीवरची बाई अगदी गोड बोलत होती, म्हणाली वर्षभर इथं राहिल्याचे पुरावे द्या. मी फाइल उघडली. घराचं लीज ह्यांच्या नावावर, लाइटबिल ह्यांच्या नावावर, गाडी, बँक, फोन, इन्शुरन्स, सगळं ह्यांच्या नावावर. माझं लायसन्स दोन महिन्यांपूर्वीचं. वर्षभर ते घर मी चालवलं होतं ताई, त्या गल्लीतल्या कचऱ्याच्या गाडीची वेळ मला पाठ होती, आणि कागदावर मी तिथं राहतच नव्हते. हजाराच्या वर डॉलर जास्तीचे भरले त्या एका विषयाला. ह्यांनी एका शब्दाने काही म्हटलं नाही पण मला आठवडाभर जेवण गेलं नाही.

म्हणून सांगते, आल्या आल्या पहिल्या आठवड्यात लीजवर तुमचं नाव घाला. बँकेत जॉइंट अकाउंट. एक तरी बिल तुमच्या नावाने. लायब्ररीचं कार्ड काढा, त्यावर तारीख असते. लायसन्ससाठी 'नंतर बघू' म्हणू नका. आणि निघायच्या आधी युनिव्हर्सिटीकडून ट्रान्स्क्रिप्टची म्हणजे गुणपत्रकांची सीलबंद पाकिटं दोन-तीन जास्तीची घेऊन ठेवा, माझ्या भावाला त्यासाठी तीन चकरा माराव्या लागल्या आणि एक पाकीट आमच्या घरच्यांनीच बरोबर आहे का बघायला फोडलं, ते फुकट गेलं.

आता जे सांगायला खरं म्हणजे बसलेय ते.

माझे वडील, अण्णा, मराठा लाइट इन्फंट्रीत होते. हवालदार म्हणून रिटायर होऊन आले तेव्हा वय अडतीस, म्हणजे आत्ता तुमचं आहे तेवढंच. साताऱ्याकडे आमच्या भागात घरटी एक फौजी, त्यामुळे त्याचं काही अप्रूप नव्हतं. काहीच मिळालं नाही असं मी म्हणणार नाही, पेन्शन होती, कॅन्टीन होतं, माजी सैनिकांच्या जागा होत्या म्हणून तर बँकेत गार्ड म्हणून लागले. एकवीस वर्षं बारा बोअरची बंदूक घेऊन दाराशी उभे राहिले. पण त्यांना शिकायचं होतं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नुकतंच निघालेलं, १९८९ सालचं ना ते, तर अण्णांनी बी.ए.चा फॉर्म आणला, भरला, फोटो चिकटवला. आणि शेजारचे एक जण ओट्यावर बसून म्हणाले, हवालदार, आता काय पोरीच्या बाकावर बसणार होय? सगळे हसले. मी अकरा वर्षांची होते, मीही हसले. तो फॉर्म गेला नाही. काळ्या ट्रंकेत होता, युनिफॉर्मच्या खाली, लग्नाआधी मी बघितलाय, फोटोच्या कडेचा डिंक पिवळा पडलेला.

आणि इथं माझ्या वर्गात एक्केचाळीस वर्षांचा माणूस बसला होता, वीस वर्षं अमेरिकेच्या फौजेत, मरीन्समध्ये काढलेला, एकदा इराक, दोनदा अफगाणिस्तान. कायम शेवटच्या रांगेत, पाठ भिंतीला, दार दिसेल असा. आजूबाजूला एकोणीस वर्षांची पोरं. कोणी हसलं नाही. आधी वाटलं सभ्यपणा असेल, पण नाही, कुणाला त्याचं काही वाटतच नव्हतं. अशी माणसं सगळ्या वर्गात होती, इथं एका बाजूला कॅम्प पेंडलटन, एका बाजूला मिरामार, हे दोन्ही मरीन्सचे तळ, खाली नेव्हीचा तळ, त्यामुळे जिथंतिथं.

त्याला अकाउंटिंग जड जात होतं. आणि क्लास सोडावा तर भत्ता कमी होतो, कधी कधी घेतलेले पैसे परत मागतात, म्हणून घाबरलेला. ट्युटरिंग सेंटरने मला विचारलं होतं शिकवशील का म्हणून, पगारी काम होतं, पण एच-फोरवर वर्क परमिट नसताना ते घेता येत नाही आणि पगारी काम फुकट करणंसुद्धा चालत नाही. मग मी त्याच्याबरोबर कॅफेटेरियात नुसती वर्गमैत्रीण म्हणून बसायचे. इथल्या पुस्तकात सगळं समीकरणावरून शिकवतात, मालमत्ता बरोबर देणं अधिक भांडवल, ते त्याला चढत नव्हतं. मी त्याला आमच्या अकरावीचं सांगितलं, येणारी वस्तू नावे, जाणारी वस्तू जमा. पेपर नॅपकिनवर इंग्रजी टी अक्षर काढलं, डावीकडे नावे उजवीकडे जमा, कॉफी आली, पैसे गेले. तो म्हणाला पुन्हा सांग, मी पुन्हा सांगितलं, मग त्याने मराठीतच लिहून घेतलं, इंग्रजी अक्षरात, नावे, जमा. परीक्षेच्या दिवशी रफ पेपरवर वरती तेच दोन शब्द काढून बसला होता, मी बघितलं.

त्या वर्षी नोव्हेंबरात, ११ तारखेच्या व्हेटरन्स डेच्या आधी, लायब्ररीच्या दाराशी एक छोटं गोल टेबल मांडलं होतं. पांढरा कपडा, एक गुलाब, मेणबत्ती, ताटलीत लिंबाची चकती नि चिमूटभर मीठ, ग्लास पालथा, आणि समोर रिकामी खुर्ची. मला वाटलं कोणी जेवायला बसलंय नि उठून गेलंय. मग बाजूची पाटी वाचली. जे फौजी परत आले नाहीत, कैद झाले किंवा सापडलेच नाहीत, त्यांचं पान आहे ते. लिंबू त्यांच्या नशिबातला कडवटपणा, मीठ घरच्यांच्या डोळ्यातलं पाणी, ग्लास पालथा कारण ते आज आपल्याबरोबर पिऊ शकत नाहीत. सर्वपित्रीला आमच्याकडे पान वाढून ठेवतात, अगदी तेच. मी बॅग खाली ठेवून तिथंच उभी राहिले, पोरं बाजूने जात होती, एक मुलगी मला ओके आहात ना विचारून गेली.

नंतर हॉलमध्ये कार्यक्रम झाला, प्रेसिडेंट बाई बोलल्या, नुसते आभार नाही तर तुमच्यामुळे आमचे वर्ग चांगले होतात असं म्हणाल्या, आणि विद्यार्थ्यांचेही आभार मानले, दोन नोकऱ्या करून रात्रीच्या क्लासला येणाऱ्यांचे. कॉलेजने विद्यार्थ्याचे आभार मानायचे हे मी पहिल्यांदा ऐकत होते. आणि हे बोलण्यापुरतं नाहीये. व्हेटरन्स रिसोर्स सेंटर नावाची खोली आहे, कॉम्प्युटर, प्रिंटिंग, सोफा, कॉफी, कागद भरून देणारा माणूस. सगळ्याच विद्यार्थ्यांसाठी बेसिक नीड्स सेंटर आहे, खाण्याराहण्याच्या अडचणींना मदत करणारं, ते आता कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक कम्युनिटी कॉलेजात असतं. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात धान्याच्या पिशव्या देतात. सरकारी फायनान्शियल एड एच-फोरला नाही, हे पक्कं धरून चाला, पण कॉलेजच्या फाउंडेशनच्या काही स्कॉलरशिप सगळ्यांना खुल्या असतात, त्या विचारा, लाजू नका.

हे सगळं सुरू झालं ते १९४४च्या जीआय बिलापासून. २२ जूनला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने सही केली आणि दुसऱ्या महायुद्धातून आलेली ७८ लाख माणसं त्यावर शिकली, कोणी कॉलेजात, कोणी कामधंदा. त्या सहीनंतर अठरा दिवसांनी, १० जुलैला, आपले नाईक यशवंत घाडगे इटलीत पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्यांना, मराठा रेजिमेंटचेच. युद्ध एकच होतं. आमच्या गावचे जे परत आले ते शेतावर गेले. मी हिशोब मांडत नाहीये, पण डोक्यातून जात नाही.

एकटेपणाचं विचारलंत. येतो आणि जातो. महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती आहे, फोन आहे. त्यावर जास्त काही लिहीत नाही.

मुलीच्या शाळेचं मात्र नीट वाचा. नाव घालताना घरच्या भाषेचा एक फॉर्म देतात, मूल पहिल्यांदा कुठली भाषा बोललं, घरी काय बोलतं, तुम्ही त्याच्याशी काय बोलता, घरातली मोठी माणसं काय बोलतात. मी चारही ठिकाणी अभिमानाने मराठी लिहिलं. त्यावरून माझ्या मुलाची इंग्रजीची परीक्षा घेतली, नर्सरीपासून पुण्यात इंग्लिश मीडियममध्ये शिकलेला मुलगा, तिसऱ्या दिवशी, झोप पूर्ण झालेली नाही, अनोळखी बाईसमोर तो बोललाच नाही. झालं, इंग्लिश लर्नर, म्हणजे इंग्रजी कच्चं असलेला, असा शिक्का. दीड वर्ष त्याला इंग्रजीचा जादा तास आणि त्यासाठी रोबोटिक्स गेलं, जे त्याला सगळ्यात जास्त हवं होतं. मी शाळेत चार वेळा गेले, प्रत्येक वेळी त्यांनी हसून सांगितलं की हे त्याच्या भल्यासाठी आहे. तो एक दिवस गाडीत म्हणाला, आई, तू मराठी का लिहिलंस? तेव्हापासून तो माझ्याशी इंग्रजीत बोलतो. आता कॉलेजात आहे, चांगलं चाललंय, पण ते वाक्य माझ्यातून गेलं नाहीये आणि मी त्याला काय उत्तर द्यायला हवं होतं ते अजून सापडलं नाहीये.

खोटं लिहा असं मी सांगणार नाही. पण मुलगी घरी खरंच जास्त काय बोलते ते विचार करून लिहा, तिच्या शाळेच्या इंग्रजीतल्या गुणपत्रिका बरोबर न्या, परीक्षा आहे हे तिला आधी सांगा, आणि पोचल्याच्या आठवड्यात नको, पुढच्या आठवड्यात घ्या म्हणा. म्हणता येतं. मला माहीत नव्हतं.

आणि तुम्ही शिका. अडतीस वर्षांची बाई त्या वर्गात कोणाला दिसतसुद्धा नाही, ह्या बाबतीत हे चांगलंच आहे. मी त्या नोव्हेंबरात अण्णांना व्हेटरन्सच्या त्या खोलीचा फोटो पाठवला होता, दारावर आभाराचा बोर्ड असलेला. त्यांचा फोन आला, म्हणाले ते मागं बसलेलं गडी किती वर्षांचं आहे. म्हटलं एक्केचाळीस. बसायला देतात का त्याला वर्गात? हो अण्णा. पोरं हसत न्हाईत? म्हटलं नाही. मग जरा वेळ काही बोलले नाहीत, मला मागचा टीव्ही ऐकू येत होता. बरंय की, म्हणाले, आणि मग पाऊस लांबलाय, सोयाबीन भिजलं, ते सांगायला लागले.

तुमच्या मिस्टरांना मदत मिळणार नाही हे खरं, पण मी व्हेटरन्सच्या त्या सेंटरमध्ये वडिलांबद्दल विचारलं होतं तेव्हा टेबलावरचा मुलगा म्हणाला होता, फॉर्म नाही भरता येणार मॅम, पण ते इथं आले तर कॉफी प्यायला आणा. मिस्टरांना एकदा घेऊन जा. आणि मुलीच्या शाळेच्या फॉर्मचं काय झालं ते मला इथं लिहा, मी बघत राहीन.