पॅलाडिनची (शपथबद्ध पवित्र योद्ध्याची) शपथ मोडली तर परत मिळते का? वेगवेगळ्या आरपीजींमध्ये (रोल-प्लेइंग गेममध्ये) हे कसं चालतं?

बहुतेक गेममध्ये मिळते. कशी, ते गेम शपथेवर नजर कशी ठेवतो यावर आहे. काही गेम एकेक कृत्य बघतात, काही अलाइनमेंटचा, म्हणजे पात्राच्या नैतिक कलाचा, हिशेब ठेवतात.

बाल्डर्स गेट ३ (२०२३) पहिल्या प्रकारातला. इथे एकच कृत्य पुरतं. शत्रू नसलेल्यावर तुम्ही आधी हल्ला केलात, की शपथ गेलीच म्हणून समजा. शपथेचे खास स्पेल आणि चॅनेल ओथ (शपथेतून मिळणारी शक्ती) बंद पडतात, डिव्हाइन स्माइट (दैवी जोराचा वार) मात्र राहतो. मग कॅम्पमध्ये लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) घ्या, ओथब्रेकर नाइट तिथे येतो. ओथब्रेकर (शपथ मोडलेल्यांचा) सबक्लास घ्यायचा, की १००० गोल्ड देऊन जुनी शपथ परत घ्यायची, हे त्याच्याशी बोलून ठरतं. प्रायश्चित्त म्हणून हा सौदा मला फारच स्वस्त वाटतो. ना एखादी क्वेस्ट, ना कसली परीक्षा.

शपथ बहुधा घाईत मोडते. समोरच्याभोवती लाल कडा दिसत नसेल तर आधी बोला, तो स्वतः उलटला की मग लढा. शंका आली तर त्याआधी क्विकसेव्ह. कुठली शपथ घेतली आहे तेही लक्षात ठेवा: डिव्होशनला खोटेपणा चालत नाही, तर व्हेंजन्सला दुष्टाला दिलेली माफीच महागात पडते. ओथब्रेकर झालात तर हा ताप संपतो, कारण मोडायला शपथच उरत नाही. शिवाय सातव्या लेव्हलला ऑरा ऑफ हेट मिळतो आणि तुम्ही जवळून केलेल्या हल्ल्यांच्या नुकसानीत करिश्मा या गुणाची भर पडते.

पाथफाइंडर: किंगमेकर (२०१८) दुसऱ्या प्रकारातला. तिथे पॅलाडिन लॉफुल गुडच (नियम पाळणारा, सज्जन) असावा लागतो आणि संवादातल्या अलाइनमेंटचा शिक्का असलेल्या निवडी ती थोडी थोडी सरकवतात. म्हणून तिथे घात हळूहळू होतो. विनोद म्हणून घेतलेली केऑटिक (बेबंद) उत्तरंही साठत जातात. उपाय म्हणजे अटोनमेंटचा स्क्रोल, तो अलाइनमेंट मूळ जागी आणतो. एक तरी जवळ ठेवा.

नेव्हरविंटर नाइट्स (२००२) सगळ्यात ढिला: अलाइनमेंट ढळली तर पॅलाडिनची पुढची लेव्हल मिळत नाही, पण मिळालेल्या शक्ती तशाच राहतात.

या सगळ्यांच्या मुळाशी असलेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सचा १९७८चा नियम फार कडक होता. जाणूनबुजून दुष्कृत्य केलं, की पॅलाडिनपण कायमचं जायचं आणि हाती उरायचा साधा फायटर.