आउटलुकचं अ‍ॅड-इन: माझ्याकडे चालतं, ऑफिसात गायब

प्रश्न: आमच्या ऑफिससाठी मी सी शार्पमध्ये आउटलुकचं व्हीएसटीओ अ‍ॅड-इन (आउटलुकमध्ये बसणारा छोटा जोड-प्रोग्रॅम) बनवलंय. कंपनीबाहेरचा पत्ता टाकून कोणी सेंड दाबलं की "नक्की पाठवायचं का?" विचारतं, बस्स एवढंच काम. माझ्या मशीनवर मस्त चालतं, पण बाकीच्यांकडे टाकलं तर काहींकडे दिसतच नाही आणि काहींकडे दोन-चार दिवस दिसून गायब होतं. आयटीवाले म्हणतात कोडमध्येच लोचा आहे. आता काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: हे एक नाही, दोन वेगळे घोळ आहेत, आणि पहिल्यात तुमच्या कोडचा काही संबंध नसावा.

दिसतच नाही त्यांचं आधी बघू. इन्स्टॉल करताना आयटीवाले स्वतःचा अ‍ॅडमिन पासवर्ड टाकतात ना? मग सेटअप रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) 'करंट यूजर'खाली नोंद करतो, पण तो यूजर म्हणजे अ‍ॅडमिन! खुर्चीत बसलेल्या माणसाच्या आउटलुकला ती नोंद दिसणारच नाही. क्लिकवन्सने (व्हिज्युअल स्टुडिओतल्या सोप्या इन्स्टॉल पद्धतीने) पब्लिश केलं तरी तेच, ते प्रत्येक यूजरपुरतंच बसतं. त्यापेक्षा एमएसआय (विंडोजची इन्स्टॉलर फाइल) करा आणि नोंद 'लोकल मशीन'खाली घाला. ऑफिस ३२ बिट आणि विंडोज ६४ बिट असेल तर ती 'वाव६४३२नोड'खाली जायला हवी, इथे भलेभले फसतात. त्याच नोंदीत मॅनिफेस्टचा (अ‍ॅड-इनची माहिती देणाऱ्या फाइलचा) पाथ असतो, त्याच्या शेवटी उभी रेघ आणि 'व्हीएसटीओलोकल' लिहा. आणि हो, अ‍ॅड-इनवर सही करणारं सर्टिफिकेट तपासा, व्हिज्युअल स्टुडिओ जे टेम्पररी बनवून देतो ते एका वर्षाचंच असतं, खऱ्या कामाला ते वापरू नका.

आता गायब होणारं. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्समध्ये जाऊन बघा, ते इनअ‍ॅक्टिव्हमध्ये आहे की डिसेबल्डमध्ये. रजिस्ट्रीत 'लोडबिहेवियर' ३ असेल तर सुरू होताना लोड होतं, २ झालं असेल तर आउटलुकने ते बंद केलंय. सुरू होताना एरर आली की असं होतं, पण ती एरर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्या मशीनवर 'व्हीएसटीओ_सप्रेसडिस्प्लेअलर्ट्स' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ० करून आउटलुक उघडा, मेसेज समोर येईल. दुसरं कारण स्पीड. आउटलुक २०१३ पासून सुरू व्हायला लागणारा वेळ मोजतं आणि लागोपाठ ५ वेळांचा मध्यक १००० मिलीसेकंदांच्या वर गेला की सरळ बंद करतं. तुम्ही 'धिसअ‍ॅडइन_स्टार्टअप'मध्ये (अ‍ॅड-इन सुरू होताना चालणाऱ्या कोडमध्ये) सर्व्हरवरून पत्त्यांची यादी आणत असाल तर तिथेच मेलात, तुमच्या एसएसडीवर कळत नाही, अकाउंट्सच्या जुन्या डबड्यावर कळतं. यादी नंतर आणा, पहिल्यांदा सेंड दाबल्यावर आणली तरी चालेल. ग्रुप पॉलिसीत (आयटीवाले सगळ्या मशीनना एकदम लावतात त्या नियमांत) 'मॅनेज्ड अ‍ॅड-इन्स'ची यादी असते, तिथे नाव घालून १ दिलं की आउटलुक बंद करू शकत नाही. पण आधी स्पीड सुधारा, नाहीतर शिव्या तुम्हालाच पडतील.

प्रश्न: नव्या आउटलुकमध्ये हेच अ‍ॅड-इन चालेल का?
– तेच वाचक

उत्तर: नाही चालणार. नवं आउटलुक कॉम (जुनी अ‍ॅड-इन पद्धत) आणि व्हीएसटीओ घेतच नाही. क्लासिकला, म्हणजे तुमच्या सध्याच्या आउटलुकला, किमान २०२९ पर्यंत सपोर्ट राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय, म्हणजे आजच घाबरायचं कारण नाही, पण नवीन काही सुरू करत असाल तर ऑफिस डॉट जेएसवर (जावास्क्रिप्टमधल्या वेब अ‍ॅड-इन पद्धतीवर) लिहा. तुमच्या कामाला त्यातली 'स्मार्ट अलर्ट्स' (मेल जाण्याआधी तपासणारी सोय) अगदी फिट आहे, 'ऑनमेसेजसेंड' इव्हेंट पकडायचा. त्यात 'प्रॉम्प्ट यूजर' निवडलं की 'सेंड एनीवे' बटण मिळतं, तुम्हाला तेच हवंय. 'ब्लॉक' निवडू नका, तुमचा सर्व्हर पडला की अख्ख्या ऑफिसची मेल अडकेल. मशीनवर काही टाकावं लागत नाही, मायक्रोसॉफ्ट ३६५च्या अ‍ॅडमिन सेंटरच्या 'इंटिग्रेटेड अ‍ॅप्स'मधून सगळ्यांना एकदम जातं, मात्र दिसायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, तेवढ्यात पुन्हा-पुन्हा डिप्लॉय करत बसू नका. आणि सुरू करण्याआधी एक विचारून घ्या, मेलबॉक्स एक्सचेंजवर (मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरवर) आहेत ना? पॉप किंवा आयमॅपच्या अकाउंटवर ही वेब अ‍ॅड-इन्स चालत नाहीत.